तीस सेकंदांत बसवलेली मेंढरं

आकाराम गोरड यांनी निवृत्तीनंतर मेंढरांवर माहितीपट काढला, यात हसण्यासारखं काही नव्हतं. लोक हसले ते नावाला. अडतीस मिनिटांच्या त्या माहितीपटाचं नाव होतं ‘बसलेली मेंढरं’. ऊस तुटून गेला की कडेगाव-आष्ट्याकडचे शेतकरी मोकळ्या रानात मेंढपाळांचा कळप काही रात्री बसवून घेतात. लेंड्यांनी रान पुढच्या पिकाला तयार होतं. तेव्हा मेंढरं चरतात किंवा पळतात यापेक्षा ती बसतात हेच महत्त्वाचं, असं आकाराम प्रत्येकाला सांगत. ऐकणारा मान हलवी आणि पुन्हा हसे.

“मेंढरं बसल्यावर बघायचं काय, गोरडसाहेब?” शेजारच्या बंगल्यातले निवृत्त सुभेदार नाथाजी म्हणाले होते. “मूव्हमेंट पाहिजे. हालचाल नाही तो पिक्चर कसला?”

पहिला खेळ साताऱ्यात झाला. नऊ प्रेक्षक आले. आकारामांची एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणाच्या पातळीची रोजची नोंद ठेवण्यात गेली होती, त्यामुळे आकडा चुकण्याची शक्यता नव्हती. नवांतले दोघे सभागृहाचे कर्मचारी होते, एक जण पुढच्या एसटीची वाट बघत सावलीला बसला होता आणि एक झोपला होता. बसलेला आणि झोपलेला यांना एकाच रकान्यात घालावं की नाही, यावर आकारामांनी परतीच्या बसमध्ये कऱ्हाडपर्यंत विचार केला.

दुसरा खेळ सांगलीत, रविवारी सकाळी अकराला ठरला. या वेळी नऊ माणसं चालणार नव्हती, कारण बनाबाई कोळेकर येणार होती. बनाबाई म्हणजे आकारामांची मावशी. वय सत्तरीच्या पुढे कुठेतरी. माहितीपटातली मेंढरं तिची, हाका तिच्या, चालणं तिचं. तिने तो अजून पाहिला नव्हता. कळप आष्ट्याजवळ उतरला होता, आणि रविवारी वाडीवरची माणसं घेऊन टेम्पोने येते असा तिने निरोप धाडला होता. आकाराम तिला भेटायला रानात गेले, तेव्हा तिने पहिला प्रश्न तोच विचारला.

“साताऱ्यात किती माणूस हुतं रं?”

“होतं की,” आकाराम म्हणाले. नोंदवहीत न बसणारं हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं उत्तर असावं. “आणि या वेळी तर रेडिओवर जाहिरात देणार आहे मी.”

बनाबाईने गळ्यात अडकवलेल्या रेडिओवर हात ठेवला. कापडाच्या पिशवीत शिवलेला तो रेडिओ चाळीस वर्षांत तीनदा बदलला होता, पिशवी तीच होती. “मग माजं नाव घ्येणार न्हवं त्यात? समद्यांची नावं ऐकली मी ह्यात. आमदाराचं ऐकलं, बियाण्याचं ऐकलं, दातावरच्या पावडरीचं ऐकलं. माजं कवा न्हाई ऐकलं.”

“घेणार की, मावशी. तुझंच घेणार.”

इतकंच बोलणं झालं. पण आकाराम शब्द देऊन बसले, आणि पुढचे बारा दिवस त्यांना कुठे धड बसता आलं नाही.

सांगलीच्या एफएम केंद्रात जाहिराती बघायला सृष्टी नावाची मुलगी होती. ती संगणकाकडे बघून बोलायची आणि संगणक तिच्याकडे बघून ऐकायचा. तिने नियम सांगितला: जाहिरात तीस सेकंदांची. एकतिसाव्या सेकंदाला यंत्र आपोआप कापतं. आकारामांना हा नियम मनापासून आवडला. त्यांनी घरी बसून, घड्याळ समोर ठेवून मजकूर लिहिला. आधी चार सेकंद मेंढरांचा आवाज. मग पाच सेकंद बनाबाईची हाक. मग “ही हाक आहे आष्ट्याच्या रानात मेंढरं बसवणाऱ्या बनाबाई कोळेकर यांची”, तीन सेकंद. मग माहितीपटाचं नाव, वार, वेळ, सभागृह, दहा सेकंद. एकूण बावीस.

“आठ सेकंद शिल्लक राहतात,” त्यांनी पत्नीला सांगितलं.

“राहू द्या,” आक्काताई म्हणाल्या. “कुणाला सांगू नका.”

बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांचे जे सल्ले आकारामांनी मानले नाहीत, त्यांत हा सर्वांत स्वस्तातला होता. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ते म्हणाले, की रेडिओवर आठ सेकंद मोकळे आहेत, काय करावं ते सुचत नाही.

रिकामी जागा दिसली की तिथे नाव घालायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. लग्नपत्रिकेत मुलगा-मुलीची नावं दोन ओळींत संपतात, उरलेल्या पत्रिकेवर भावकी असते. फ्लेक्सवर वाढदिवस एकाचा आणि फोटो चाळीस शुभेच्छुकांचे. नाव राहिलं तर माणूस तीन पिढ्या बोलत नाही.

“पडदा माझा आहे, प्रोजेक्टर माझा आहे,” नाथाजी म्हणाले. “मी काही नाव मागत नाही. पण लोकांना मालूम तरी पडलं पाहिजे की नाही?”

नाथाजींचं नाव घातलं. त्यांचं घातलं म्हणून कट्ट्याच्या अध्यक्षांचं घातलं. अध्यक्षांचं घातलं आणि उपाध्यक्षांचं नाही, तर निवडणुकीत त्याचा अर्थ लावला जाईल, म्हणून उपाध्यक्षांचं घातलं. ज्या छापखान्यात पोस्टर छापलं त्याच्या मालकाचं, पोस्टर चिकटवायला जीप देणाऱ्याचं, आणि ज्यांनी काहीच दिलं नव्हतं पण देण्याची तयारी दाखवली होती अशा दोघांचं. दुसऱ्या दिवशी दुपारी कडेगावहून लालासाहेबांचा फोन आला.

“आवं गोरडसाहेब, मेंढरं बसली कुणाच्या रानात?”

“आपल्याच.”

“मग आमचं नाव रेडिओत न्हाई म्हणं?”

लालासाहेबांचं रान आणि त्यांचा चुलतभाऊ जयराज यांचं रान यांच्यामध्ये एक बांध आहे. चित्रीकरणाच्या वेळी मेंढरांना तो बांध दिसला नाही आणि ती दोन्हीकडे बसली. दोघांची बोलाचाली चौदा वर्षं बंद. लालासाहेबांचा फोन ठेवतो न ठेवतो तोच जयराजचा आला.

“लालाचं नाव घेताय असं कळलं. घ्या की. आमचं काय म्हणणं न्हाई. फकस्त आमच्या आधी घेऊ नका.”

आकारामांनी वही काढली आणि प्रश्न नीट मांडला. लालासाहेब थोरल्या पातीचे, म्हणजे घराण्यात मान त्यांचा आधी. जयराज वयाने सहा महिन्यांनी मोठा, म्हणजे वयाप्रमाणे मान त्याचा. फ्लेक्स असता तर दोन फोटो शेजारी शेजारी, समान उंचीवर बसवता आले असते. पण रेडिओवर शेजार नसतो. तिथे एक नाव आधी येतं आणि दुसरं नंतर, आणि ‘नंतर’ हा शब्द कडेगावात कुणी ऐकून घेणार नव्हतं.

“दोन्ही नावं एकदम घ्या,” नाथाजी म्हणाले. “परेडला दोन प्लॅटून एकदम सॅल्यूट करतात. एकही पुढे नाही, एकही मागे नाही.”

बेचैन माणसाला कोणताही उपाय उपाय वाटतो. आकाराम दुसऱ्या दिवशी नाथाजींना घेऊन केंद्रावर गेले.

तिथे आधी मेंढरांची अडचण निघाली. जाहिरातीत प्राण्याचा आवाज असेल, तर तो घेताना प्राण्याला इजा झाली नाही असा दाखला लागतो, असं सृष्टीच्या वरिष्ठांनी कुठेतरी वाचलं होतं. दाखल्यासाठी आकाराम जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी ध्वनिमुद्रण दोनदा लक्षपूर्वक ऐकलं.

“यातली ओरडलेली मेंढी कोणती?”

“बऱ्याच आहेत, साहेब. चाळीसएक.”

“कानातल्या बिल्ल्याचा नंबर द्या. ज्या ज्या ओरडल्यात त्या घेऊन या. तपासतो आणि देतो. इथल्या इथे.”

आष्ट्याहून चाळीस मेंढ्या सांगलीच्या बाजारपेठेतून आणण्याचं चित्र आकारामांनी मनात उभं केलं आणि ते केंद्रावर परत आले. नाथाजी आतापर्यंत खुर्चीत बसून होते. ते उठले, टोपी काढली, मायक्रोफोनसमोर सावधान उभे राहिले आणि मेंढीसारखे ओरडले. सृष्टीने पहिल्यांदा संगणकावरून मान वर केली.

“हे चालेल,” ती म्हणाली. “माणसाला दाखला लागत नाही.”

चार सेकंदांची मेंढरं दोन सेकंदांवर आली, कारण सुभेदारांचा दम तेवढाच होता. बनाबाईची हाक पाच सेकंदांची होती, ती नावांना जागा करायला काढावी लागली. आकारामांनी मनाची समजूत घातली, की हाक गेली तरी नाव राहिलं आहे, आणि शब्द नावाचा दिला होता.

मग सलामी. लालासाहेबांचं नाव सृष्टीने घ्यायचं, जयराजचं तिच्या सहकाऱ्याने, एकाच क्षणी. पहिल्या वेळी जयराज लवकर संपला, कारण नाव लहान. लालासाहेब एकटेच मागे ऐकू येत राहिले. मागे राहिलेलं नाव हे शेवटपर्यंत टिकलेलं नाव असाही अर्थ निघू शकतो, असं नाथाजींनी दाखवून दिलं. म्हणून ‘जयराजबापू’ केलं. मग बापू लावल्यावर लालासाहेबांना काय लावायचं हा प्रश्न आला. त्यांच्या नावातच साहेब आहे, हे सृष्टीने त्यांना फोनवर समजावलं. चौदा वेळा घेतल्यावर दोन्ही नावं एकदम सुरू होऊन एकदम संपली. ऐकणाऱ्याला वाटे, की कुणीतरी पाण्यात तोंड बुडवून कुणाला तरी बोलावत आहे. पण मान बरोबर सांभाळला गेला होता.

सृष्टीने सगळं जोडलं. “तेहतीस सेकंद होतात, सर. तीन काढा.”

आकारामांनी कागद समोर घेतला. मेंढीचे दोन काढावेत तर सुभेदार शेजारी उभे. वार-वेळ-सभागृह काढावं तर जाहिरात कशाला. राहिली नावं. त्यांनी प्रत्येक नावावर पेन्सिल ठेवली आणि उचलली.

“असं करा,” नाथाजी हलक्या आवाजात म्हणाले. “ज्याची कम्प्लेंट येणार नाही ते काढा.”

तक्रार येणार नाही असं त्या कागदावर एकच नाव होतं. “ही हाक आहे” या वाक्याला आता तसाही अर्थ नव्हता, हाकच नव्हती. वाक्य बरोबर तीन सेकंदांचं होतं. आकारामांनी ते खोडलं, खाली सही केली, आणि धरणाची पातळी चुकीची लिहिल्यावर वाटलं असतं तसं त्यांना वाटलं.

मंगळवारपासून जाहिरात दिवसातून पाच वेळा लागू लागली. आकाराम पाचही वेळा ऐकत आणि पाचही वेळा उठून गॅलरीत जात. कट्ट्यावर उत्सव होता. जीपवाल्याने जाहिरात मोबाइलवर घेऊन सगळ्या नातेवाइकांना धाडली. लालासाहेब आणि जयराज या दोघांनीही फोन करून सांगितलं, की आपलंच नाव आधी ऐकू येतं. शुक्रवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता.

“आकाराम, मी बोलतीया. सुरवातीचं मेंढरू कुणाचं रं ते?”

“का गं, मावशी?”

“आपलं न्हवं. आजारी हाय. पोट फुगल्यावर असं वरडतंय. मालकाला म्हणावं, वाईच ववा चार.”

“सांगतो.”

“आन माजं नाव कवा येतंय? वाडीवरची समदी बसत्यात रोज, पाची टायमाला. पैलं हे आलेत, मागनं माजं येत असंल म्हणून थांबतोय आमी. सांच्याला येतंय का उद्या?”

आता सांगून टाकायला हवं होतं. आकारामांनी तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, “रविवारच्या आत येईल.”

फोन ठेवून ते वळले, तर आक्काताई भाजी निवडत होत्या. त्यांनी फक्त एक शेंग जरा मोठ्याने मोडली.

आकाराम त्याच दुपारी केंद्रावर गेले. मंजूर जाहिरातीत बदल करायचा तर नवा अर्ज, आणि त्यावर निर्णय सोमवारी, असं सृष्टी म्हणाली. सोमवार रविवारनंतर येतो, हे आकारामांनी तिच्या नजरेस आणलं. तिने कॅलेंडर पाहून ते मान्य केलं. मग तिला त्यांची दया आली असावी.

“सर, नावच घ्यायचंय ना त्यांचं? रविवारी दहाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा कार्यक्रम असतो. नाव, गाव आणि जन्मतारीख द्या. घेतो आम्ही.”

“रविवारी वाढदिवस असायला पाहिजे ना पण.”

“आधारवर काय आहे बघा.”

आकारामांनी मोबाइलमध्ये शोधलं. मावशीच्या पेन्शनचे कागद त्यांनीच केले होते. आधार कार्डावर जन्मतारीख होती एक जून. आणि येत्या रविवारी तारीख होती एक जून. आकाराम देवभोळे नव्हते, पण केंद्राच्या जिन्यातून उतरताना त्यांनी दोन पायऱ्या एकदम घेतल्या. ती रात्र ते शांत झोपले. बनाबाईचा वाढदिवस एक जूनला कसा काय आला, हा साधा प्रश्न आयुष्यभर नोंदी ठेवलेल्या माणसाला पडला नाही.

रविवारी साडेदहापर्यंत सभागृह भरलं. नऊ नावांची नऊ घराणी आली होती. प्रत्येक जण फेटा बांधून, कारण ज्याचं नाव जाहिरातीत त्याचा सत्कार होणार हे न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं. आकारामांना ठाऊक नव्हतं. नाथाजींनी ते आधीच ओळखून शाली आणि नारळ आणून ठेवले होते. लालासाहेब दोन जीपगाड्या भरून आले. जयराज दोन जीपगाड्या आणि एक मोटारसायकल. मधली वाट सोडून ते दोन बाजूंना बसले.

बनाबाई टेम्पोतून उतरली. बरोबर वाडीवरची अठरा माणसं. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसून तिने रेडिओ मांडीवर घेतला. तो सुरूच होता. रेडिओवरच्या बाई वाचत होत्या: वाळव्याचे अमके, मिरजेचे तमके, एक जून, शुभेच्छा.

अकराला आकाराम मावशीजवळ वाकले. “मावशी, सुरू करू का?”

“थांब. नावं चालल्यात.”

आकाराम बाहेर गेले आणि त्यांनी सृष्टीला फोन लावला. पलीकडून ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “सर, आज दोनशे सव्वीस आहेत. नव्वद झालेत. मावशींचा नंबर दोनशे चार.”

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पिढीतल्या कुणाचीच जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी तारीख विचारत, घरचे दुष्काळ नाहीतर पूर सांगत, आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. शाळेत न गेलेल्यांची सोय पुढे आधार काढणाऱ्याने तशीच केली. निम्मा जिल्हा आज जन्मला होता.

सभागृह एक वाजेपर्यंतच मिळालं होतं. त्यानंतर तिथे साखरपुडा होता, आणि दारात नवऱ्या मुलीची मावशी येऊन खुर्च्या मोजत उभी होती. आकाराम आत-बाहेर करू लागले. आत दोनशे माणसं रेडिओ ऐकत बसली होती. सुरुवातीला कुरकुर झाली, मग ओळखीची नावं येऊ लागली. “आपला नाना रं,” कुणी म्हणे. “ह्यो तर चार वर्सांमागं गेला की,” दुसरा म्हणे. सुभेदार नाथाजींचं नाव आलं तेव्हा ते उभे राहिले. कुणी टाळी वाजवली. त्यांच्या सुनेने ते परस्पर धाडलं होतं.

बारा वाजून सोळा मिनिटांनी बाई म्हणाल्या, “बनाबाई कोळेकर, मुक्काम आष्टा, यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.”

वाडीवरच्या माणसांनी बनाबाईकडे पाहिलं. आकारामांनी श्वास सोडला. बनाबाईने रेडिओ बंद केला.

“वाडदिवस?” ती म्हणाली. “माजा?”

“कागदावर आहे तसा, मावशी. नाव घेतलं की नाही?”

“जन्माला तर समदीच येत्यात, लेका.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी मेंढरं बसवली, ते सांगितलं का त्यांनी?”

नाथाजी लगबगीने आले, हातात सत्काराची यादी. “गोरडसाहेब, नऊ सत्कार, दर सत्काराला दोन मिनिटं, भाषणं वेगळी. पिक्चर काय, दहा मिनिटं दाखवू. थोडा कट करा.”

आकारामांनी घड्याळ पाहिलं. बारा अठरा. अडतीस मिनिटं धरली की बारा छप्पन. एकपर्यंत चार मिनिटं उरत होती. उरलेल्या वेळाचं काय होतं, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. त्यांनी यादी नाथाजींच्या हातातून घेतली, चार घड्या घातल्या, खिशात टाकली आणि माइकपाशी गेले.

“मंडळी,” ते म्हणाले. “आज सत्कार नाहीत. ज्यांची नावं रेडिओवर ऐकलीत, त्यांनी मला मदत केली, त्यांचे उपकार आहेत. पण मेंढरं त्यांनी बसवली नाहीत. ती बनाबाई कोळेकर यांनी बसवली. साठ वर्षं. हे नाव जाहिरातीत होतं. ते मी खोडलं, कारण ती तक्रार करणार नाही असं मला वाटलं.”

सभागृहात फेट्यांची हालचाल झाली. अध्यक्ष उठले, त्यांच्यामागे उपाध्यक्ष उठले. लालासाहेबांनी खुर्ची मागे सारली. जयराजनेही सारली. नाथाजी मात्र प्रोजेक्टरजवळ उभे होते. त्यांनी आकारामांकडे बघितलं, चेहरा शिस्तीचा ठेवला आणि दिव्यांचं बटण बंद केलं. अंधारात बाहेर पडायचं तर माणसांचे पाय तुडवत जावं लागलं असतं, त्यामुळे उठलेले लोक होते तिथे बसले.

पडद्यावर कडेगावचं रान आलं. कापलेल्या उसाचे बुडखे, त्यांत हळूहळू येऊन टेकणारी मेंढरं. खरोखरच कुणी पळत नव्हतं. मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली.

बनाबाई खुर्चीत पुढे सरकली. “ही काळुंद्री,” ती शेजारणीला म्हणाली, पण तिला हळू बोलायची सवय नव्हती. “ही तिची लेक. ती शेपटीची भुरी, औंदा गेली बिचारी. ह्यो बोडका. ही लंगडी न्हाई, लाडात चालतीया. ती मागली चिकणी, ती बानी, ती धाकली बानी.”

“मावशी, हळू,” आकाराम कुजबुजले.

“बोलू दे की,” अंधारातून लालासाहेब म्हणाले. “ती कडंची कोण, आज्जी? आमच्या बांधावर बसल्याली?”

“ती गुणी. तुमच्या बांधावर न्हवं, दोगांच्या बांधावर बसलीया. तिला मऊ जागा लागतीया.”

दुसऱ्या बाजूने जयराज खोकला. मग त्यानेही एका मेंढीचं नाव विचारलं.

एकला दोन मिनिटं कमी असताना माहितीपट संपला. तोवर बनाबाईने एकूण त्रेपन्न नावं घेतली होती. आकारामांनी ती सवयीप्रमाणे अंधारात मोजली. कोण आधी आणि कोण नंतर हे ती जशी टेकत गेली त्यावर ठरलं, आणि एकाही मेंढीची तक्रार आली नाही.